विकर, वनस्पती आणि शिवार : प्रस्तावना

वनस्पतीला जागचे हलता येत नाही. ऊन तापले म्हणून ती सावलीला जाऊ शकत नाही, अळी पडली म्हणून पळू शकत नाही आणि जमिनीत नत्र कमी पडले म्हणून दुसऱ्या शिवारात मुळे रोवू शकत नाही. त्यामुळे प्राणी जे प्रश्न हालचालीने सोडवतात, ते वनस्पतीला उगवल्या जागी राहून रसायनांच्या बळावर सोडवावे लागतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडवणे, त्या साखरेचा स्टार्च, तेल किंवा धागा करणे, खाणाऱ्याला न पचणारे किंवा विषारी पदार्थ तयार ठेवणे आणि पाऊस पडताच बियाण्यातला साठा विरघळवून कोंबाच्या हवाली करणे, ही सारी कामे पेशीतल्या ज्या प्रथिनांच्या हातून होतात त्यांना विकरे म्हणतात. महाविद्यालयांत आणि कारखान्यांत एन्झाइम हे नावही तितकेच रूढ आहे. वनस्पतींच्या विकरांचा अभ्यास कसा उभा राहिला, त्यात कोणत्या परंपरा रुजल्या आणि कोरडवाहू शेतीच्या मुलखात त्या अभ्यासाचा उपयोग काय, याची ओळख करून देणे हा या ग्रंथाचा हेतू आहे.

प्रथम काही मूलभूत संकल्पना. विकर हे उत्प्रेरक असते, म्हणजे ते रासायनिक क्रियेचा वेग वाढवते, पण स्वतः त्या क्रियेत खर्ची पडत नाही. ज्या पदार्थावर ते काम करते त्याला आधारद्रव्य म्हणतात, आणि प्रथिनाच्या लांबलचक साखळीची विशिष्ट घडी पडून तयार झालेल्या ज्या खाचेत ते आधारद्रव्य नेमके बसते तिला सक्रिय स्थान म्हणतात. काही विकरांना काम करण्यासाठी लोह, निकेल किंवा तांबे यांसारख्या धातूची, तर काहींना सहविकर नावाच्या लहान रेणूची जोड लागते. उष्णतेने घडी उलगडली की विकर निकामी होते, आणि माध्यमाचा सामू, म्हणजे त्याची आम्लता किंवा अल्कता, बदलला की त्याचा वेगही बदलतो. हा वेग विकरागणिक कमालीचा वेगळा असतो : कार्बॉनिक अॅनहायड्रेजचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख क्रिया घडवू शकतो, तर ज्याच्यावर सारी शेती उभी आहे ते रुबिस्को सेकंदाला जेमतेम काही रेणू हाताळते. विकराच्या सक्रिय स्थानी किंवा अन्यत्र अडकून बसणाऱ्या आणि त्याचे काम थांबवणाऱ्या पदार्थाला रोधक म्हणतात, आणि वनस्पतींच्या बाबतीत विकरांइतकेच महत्त्व या रोधकांना आहे.

या क्षेत्राचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. विकराची रचना, त्याचा वेग आणि त्याची आवडनिवड परीक्षानळीत ठरवता येते. त्याचे मोल मात्र ते कोणत्या अवयवात, कोणत्या हंगामात आणि कोणाच्या समोर काम करते त्यावर ठरते. एकच प्रथिन पोषणतज्ज्ञाला अडथळा वाटते, वनस्पतीला ते संरक्षण असते आणि किडीच्या दृष्टीने ती फक्त पार करायची एक पायरी असते. या ग्रंथाची मांडणी याच सूत्राभोवती केलेली आहे.

इतिहासाची सुरुवातच वनस्पतींपासून होते. १८३३ मध्ये फ्रान्समध्ये पायेन आणि पर्सो यांनी मोड आणलेल्या सातूच्या अर्कात अल्कोहोल घालून एक साका खाली बसवला. हा साका स्टार्चला विरघळवून त्याची साखर करत होता, आणि उकळल्यावर त्याचा हा गुण नाहीसा होत होता. त्याला डायास्टेज असे नाव मिळाले. पुढे कडू बदामातील इमल्सिन हे विकर अभ्यासाचा विषय झाले, आणि याच इमल्सिनवर व यीस्टमधील इन्व्हर्टेजवर काम करताना एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकर आणि आधारद्रव्य यांचे नाते कुलूप-किल्लीचे असते ही कल्पना मांडली. जपानमध्ये योशिदा यांनी १८८३ मध्ये लाखेसारखा रस देणाऱ्या झाडाच्या चिकात जे विकर पाहिले होते, त्याचा गाब्रिएल बर्त्रां यांनी पुढील दशकात सविस्तर अभ्यास केला. त्याच प्रकारची विकरे आज लॅकेज या नावाने कापड आणि कागद उद्योगात वापरली जातात. जिवंत पेशीशिवायही किण्वन घडू शकते हे १८९७ मध्ये एडुआर्ड बुख्नर यांनी यीस्टचा रस काढून दाखवले तेव्हा विकरांचा अभ्यास जीवनशक्तीच्या वादातून सुटला आणि रसायनशास्त्राच्या कक्षेत आला. १९१३ मध्ये मिखाएलिस आणि मेंटेन यांनी आधारद्रव्याचे प्रमाण व विकराचा वेग यांचे गणिती नाते मांडले, आणि तेव्हापासून मोजमाप हा या शास्त्राचा कणा झाला.

तरीही विकर म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हा प्रश्न शिल्लक होता, आणि त्याचे उत्तर एका शेंगवर्गीय बीने दिले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी अबईच्या कुळातील जॅक बीनच्या पिठातून १९२६ मध्ये युरिएज या विकराचे स्फटिक वेगळे केले आणि ते प्रथिन आहे असे दाखवले. त्या काळच्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी या निष्कर्षावर अविश्वास दाखवला, पण पुढे नॉर्थ्रप यांनी पचनातील विकरांचे स्फटिक मिळवल्यावर तो वाद मिटला, आणि १९४६ मध्ये समनर यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. युरिएज युरियाचे विघटन करून अमोनिया मोकळा करते. सोयाबीनमध्ये हे विकर असते हे ताकेउची यांनी १९०९ मध्येच दाखवले होते, आणि त्यात निकेल असते हे १९७५ मध्ये कळले. शेतकऱ्याचा या विकराशी दुहेरी संबंध येतो : शेतात टाकलेला युरिया जमिनीतील युरिएजमुळेच फुटतो आणि वर पडून राहिला तर त्यातले नत्र अमोनिया होऊन उडून जाते, तर तेल काढल्यानंतरची सोयापेंड पुरेशी भाजली गेली आहे की नाही, हे पशुखाद्य कारखान्यात युरिएज किती शिल्लक आहे यावरून तपासतात, कारण पचनाला बाधक असलेली रोधके मोजण्यापेक्षा त्यांच्यासारखेच उष्णतेने निकामी होणारे युरिएज मोजणे सोपे असते.

शुद्धीकरण आणि स्फटिकीकरण ही या क्षेत्रातली पहिली परंपरा मानली, तर चयापचयाचे मार्ग शोधणे ही दुसरी. एक विकर सुटे काढून पाहण्यापेक्षा विकरांची साखळी कोणत्या क्रमाने काम करते, हा या परंपरेचा प्रश्न. केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोम या श्वसनातील रंगद्रव्य-प्रथिनांचा नव्याने शोध लावला, आणि रॉबिन हिल यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस पानातून वेगळी काढलेली हरितलवके उजेडात ऑक्सिजन सोडतात हे सिद्ध केले. या वातावरणात एक मराठी नाव येते ते डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना सुरुवातीला केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. संस्थेचे तत्कालीन संचालक सी. व्ही. रामन यांच्यापुढे त्या अडून राहिल्या आणि १९३३ मध्ये अटींसह प्रवेश मिळवून श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करू लागल्या. पुढे केंब्रिजमध्ये हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी बटाट्याच्या ऊतींवरील प्रयोगांतून वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते असे दाखवले आणि १९३९ मध्ये त्यांना तेथील पीएच.डी. मिळाली. सायटोक्रोम सी हे काटेकोर अर्थाने इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे प्रथिन. पण श्वसनाच्या विकरसाखळीतला तो आवश्यक दुवा असल्याने, प्राणी आणि वनस्पती यांच्या श्वसनाची मांडणी एकाच जातीची आहे हे त्यातून स्पष्ट झाले.

या परंपरेचे सर्वांत मोठे यश म्हणजे प्रकाशसंश्लेषणाचा उलगडा. किरणोत्सारी कार्बन वापरून कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी हवेतला कार्बन साखरेपर्यंत कसा पोहोचतो हे टप्प्याटप्प्याने दाखवले, आणि वाइल्डमन व बॉनर यांना १९४७ मध्ये पानाच्या रसात जे विपुल प्रथिन आढळले होते तेच या मार्गाच्या दारावरचे विकर, म्हणजे रुबिस्को, असल्याचे नंतर लक्षात आले. रुबिस्को मंद तर आहेच, शिवाय त्याची निवडही पक्की नाही. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते अनेकदा ऑक्सिजन पकडते आणि त्यातून झालेले नुकसान भरून काढण्यासाठी पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते. या प्रक्रियेला प्रकाशश्वसन म्हणतात आणि उष्णता वाढली की ती वाढते. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसावरील प्रयोगांतून दाखवले की काही वनस्पतींनी या दोषावर तोडगा काढलेला आहे : त्यांच्यात पेप कार्बॉक्झिलेज हे दुसरे विकर आधी कार्बन पकडून चार कार्बनांचे संयुग करते आणि आतल्या पेशींत रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची दाटी करते. ऊस, मका आणि ज्वारी या सी-४ गटातल्या. सोयाबीन, तूर, हरभरा आणि कपाशी ही सोय नसलेल्या सी-३ गटातल्या.

हा फरक पाठ्यपुस्तकातला वाटला तरी बुलढाणा जिल्ह्याच्या पीकपद्धतीत तो प्रत्यक्ष घडून गेलेला आहे. मेहकर तालुक्यातील जानेफळ आणि आसपासच्या काळ्या जमिनीवर एकेकाळी ज्वारी आणि कपाशी यांचा जो वाटा होता, तो गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर सोयाबीनकडे गेला. विकरांच्या भाषेत सांगायचे तर ज्वारीच्या जागी शिवाराने उष्णतेत काटकसरीने चालणारी कार्बनयंत्रणा सोडून प्रकाशश्वसनाचा भार वाहणारी यंत्रणा स्वीकारली. मात्र त्याबरोबर मुळांवरच्या गाठींतील जीवाणूंचे नायट्रोजिनेज हे विकरही शेतात आले, जे हवेतल्या नत्राचे अमोनियात रूपांतर करते. बाजारभाव आणि मजुरी यांनी झालेल्या या बदलाला असा जैवरासायनिक जमाखर्चही आहे, आणि ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की त्यातली खर्चाची बाजू उघडी पडते.

तिसरी परंपरा वनस्पतींच्या संरक्षणाची. तिचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण ज्वारीतच आहे. पावसाने ताण दिला असता ज्वारीचे कोवळे पोंगे खाल्लेले जनावर दगावू शकते, हे पशुपालकाला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे संयुग साठवलेले असते आणि ते तोडणारे धुरिनेज हे विकर पानातील दुसऱ्या पेशींत असते. पान शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही, पण जनावराने ते चावले की पेशी फुटतात, विकर संयुगाला भिडते आणि सायनाइड मोकळे होते. हे सायनाइड जनावराच्या पेशींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या श्वसनातल्या अखेरच्या विकराला जखडते. म्हणजे एका विकराने सोडलेले विष दुसऱ्या विकराला मारते, आणि पीक वाढत गेल्यावर तो धोका ओसरतो.

संरक्षणाच्या याच परंपरेत ट्रिप्सिन रोधकांचा इतिहास येतो आणि तो महाराष्ट्राशी दोनदा जोडलेला आहे. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर. कच्च्या कडधान्यांत त्याला अडवणारी लहान प्रथिने असतात. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत आणि शिजवलेल्यावर वाढतात, हे ऑसबोर्न व मेंडेल यांनी १९१७ मध्ये नोंदवले होते. कुनिट्झ यांनी १९४० च्या दशकात सोयाबीनमधील रोधकाचे स्फटिक मिळवले. केंब्रिजहून परतल्यावर काही काळाने मुंबईच्या विज्ञान संस्थेत आलेल्या कमला सोहोनी यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात भारतीय अन्नपदार्थांतील, विशेषतः कडधान्यांतील, ट्रिप्सिन रोधकांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्यापुढचा प्रश्न गरीब माणसाच्या ताटातील प्रथिन त्याच्या अंगी कसे लागेल, हा होता. डाळी शिजवून आणि मोड आणून खाण्यामागचे शास्त्र त्या कामातून पक्के झाले.

१९७२ मध्ये अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवले की भुंग्याने पान कुरतडताच झाड दूरच्या पानांतही अशी रोधके तयार करू लागते. माणसाला अडथळा वाटणारे प्रथिन झाडाचे शस्त्र ठरले, आणि १९८७ मध्ये चवळीतील रोधकाचे जनुक तंबाखूत घालून किडीला अटकाव करता येतो हे सिद्ध झाल्यावर सर्वत्र मोठ्या आशा निर्माण झाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम या टप्प्यावर विशेष महत्त्वाचे ठरते. त्यांनी निवडलेली कीड होती हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, म्हणजे शेतकऱ्याची घाटेअळी; तीच तुरीच्या शेंगेत आणि कपाशीच्या बोंडातही शिरते.

हरभऱ्याच्या दाण्यात ट्रिप्सिन रोधके असतात, पानांवर पहाटे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची आंबही जमते, तरीही घाटेअळी घाटा पोखरून दाणा फस्त करते. असे का होते, हा त्यांचा प्रश्न होता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचे उत्तर असे होते की अळीच्या आतड्यातील विकरे हरभऱ्याच्या रोधकांनी अडत नाहीत. उलट ती त्या रोधकांचेच तुकडे करून टाकतात. पुढच्या वर्षी याच गटाने हरभरा, तूर आणि कपाशी या अळीच्या नेहमीच्या तीन पिकांतील रोधकांची तुलना भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा या तिच्या आहारात नसलेल्या वनस्पतींच्या रोधकांशी केली. परक्या वनस्पतींची रोधके अधिक परिणामकारक ठरली; पण त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की अळी ज्या पिकावर वाढते त्यानुसार आपल्या आतड्यातील विकरांचा संच बदलते, आणि म्हणून एकाच रोधकावर विसंबून चालत नाही. ट्रिप्सिनचा एक प्रकार अडला की न अडणारा दुसरा प्रकार ती वाढवते. परीक्षानळीत एका विकराविरुद्ध एक रोधक ही जोडी अभेद्य दिसते. शेतात समोर एक विकर नसून विकरे बदलू शकणारा जीव उभा असतो. बीटी कपाशीच्या अनुभवाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे, कारण बीटी प्रथिनही अळीच्या आतड्यातील विकरांनी तोडल्यानंतरच विषारी होते, आणि २००२ मध्ये देशात मान्यता मिळालेल्या या तंत्रालाही पुढे गुलाबी बोंडअळी सरावली.

चौथी परंपरा जैवतंत्रज्ञानाची, आणि तिच्यात विकर हे अभ्यासाचा विषय असते तसेच हत्यारही असते. डीएनए ठरावीक जागी कापणारी, जोडणारी आणि त्याच्या प्रती काढणारी विकरे हाती आली नसती तर जनुकांवरचे कोणतेच काम शक्य झाले नसते. २०१२ मध्ये शार्पेंतिए आणि डाउडना यांनी मांडलेले आणि २०२० च्या नोबेल पारितोषिकाने गौरवलेले जनुकसंपादनाचे तंत्रही मूलतः कॅस-९ या कापणाऱ्या विकराचाच उपयोग आहे. परके जनुक न घालता केलेल्या विशिष्ट प्रकारच्या संपादनाला भारत सरकारने २०२२ मध्ये जनुकांतरित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. त्यांपैकी हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा ‘डीआरआर धान १००’ हा वाण विकरशास्त्राच्या दृष्टीने बोलका आहे : सायटोकायनिन हे पेशीविभाजनाला चालना देणारे संप्रेरक तोडणाऱ्या विकराच्या जनुकात त्यात बदल केलेला असून, संप्रेरक टिकून राहिल्याने लोंबीतील दाण्यांची संख्या वाढावी असा हेतू आहे.

विकर बदलण्यासाठी नेहमी संपादनच लागते असे नाही. निवडपद्धतीनेही ते साधते. सोयाबीनच्या पिठाला येणारा उग्र वास लिपॉक्सिजिनेज या विकरामुळे येतो आणि पचनातील अडथळा कुनिट्झ रोधकामुळे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने रोधकाविना ‘एनआरसी १२७’ आणि रोधक व लिपॉक्सिजिनेज-२ या दोन्हींविना ‘एनआरसी १४२’ हे वाण दिले, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही रोधकमुक्त सोयाबीनवर काम झाले. सोयादूध आणि पनीर करणाऱ्यासाठी हे वरदान आहे. मात्र लिपॉक्सिजिनेजच्याच कुळातील विकरे पानांत जखमेची वर्दी देणारे जॅस्मोनिक आम्ल घडवण्याच्या आरंभीच्या पायरीवर असतात, आणि रोधके ही संरक्षणाची साधने आहेत हे वर आलेच आहे. त्यामुळे कोणते विकर कोणत्या अवयवातून काढायचे आणि कोठे राहू द्यायचे, हा विवेक अशा कामात अटळ ठरतो.

तणनाशकांचा विचारही विकरांशिवाय होऊ शकत नाही. सोयाबीनमध्ये सर्रास फवारले जाणारे इमॅझेथापायर हे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले घडवणाऱ्या विकराला अडवते. सोयाबीन तगते ते मुख्यतः त्याच्यातील दुसरी विकरे हे रसायन वेगाने मोडून टाकतात म्हणून. एकच रसायन वर्षानुवर्षे वापरल्यास तणातले विकर बदलून ते न जुमानणारी तणे शिल्लक राहतात, हा जगभरचा अनुभव आहे.

उद्योगाची परंपरा स्वतंत्र ग्रंथाचा विषय ठरावी एवढी मोठी असल्याने येथे तिचा निर्देश पुरेसा आहे. कच्च्या पपईला चिरा पाडून गोळा केलेल्या चिकापासून मिळणारे पपेन मांस मऊ करण्यापासून औषधांपर्यंत वापरले जाते. पराट्या, तुराट्या आणि कुटार यांतील सेल्युलोजचे विकरांनी साखरेत रूपांतर करून इथेनॉल करण्याचे तंत्र मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील जैवऊर्जा केंद्राने विकसित केले आहे. सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांचा खर्च हा त्यातला कळीचा प्रश्न आहे. मेहकरशेजारच्या लोणार सरोवराच्या, सुमारे १० सामू असलेल्या अल्कधर्मी पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची विकरे धुलाईच्या साबणासारख्या अल्क माध्यमातही टिकू शकतात, म्हणून त्यांच्याकडे संशोधकांचे लक्ष गेले. ही विकरे वनस्पतींची नसली तरी परिस्थिती विकराला कशी घडवते याचा तो जिल्ह्यातलाच पुरावा आहे.

आजच्या काळात या ज्ञानाची निकड तीन कारणांनी वाढली आहे. पहिले कारण हवामान : तापमान वाढते तसा रुबिस्कोचा दोष अधिक महाग पडतो, आणि प्रकाशश्वसनाला विकरांची आखूड वाट काढून दिल्यास शेतातील तंबाखूची वाढ सुमारे ४० टक्क्यांपर्यंत वाढते, हे अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले असले तरी ते यश कडधान्यांत आणि कोरडवाहू शेतात उतरायचे आहे. दुसरे कारण साधनांचे : प्रथिनाच्या साखळीवरून त्याची घडी संगणकाने वर्तवण्याच्या कामाला २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि समनर यांना ज्या प्रश्नावर नऊ वर्षे घालवावी लागली त्याच्या पुढचे प्रश्न आता विद्यार्थ्याच्या संगणकावर मांडता येतात. तिसरे कारण निर्णयांचे : कोणता वाण पेरायचा, कोणते रसायन फवारायचे, संपादित पिकांना मान्यता द्यायची की नाही, हे प्रश्न आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाहीत, आणि विकर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला या वादात जाहिरातीवर किंवा भीतीवर विसंबावे लागते.

या ग्रंथाने स्वतःसाठी घातलेली मर्यादाही सांगितली पाहिजे. हे प्रयोगांचे हस्तपुस्तक नाही आणि सर्व विकरांची सूचीही नाही. प्रत्येक विकराविषयी येथे तीन प्रश्न विचारले आहेत : वनस्पतीच्या स्वतःच्या जगण्यात त्याचे काम काय, त्या कामाचा लाभ आणि तोटा कोणाला, आणि ते मूळ जागेवरून हलवले, वाढवले किंवा काढून टाकले तर दुसरे काय बदलते. गणित आवश्यक तेवढेच घेतले आहे, आणि रासायनिक नावे प्रचलित रूपातच ठेवली आहेत, जेणेकरून पुढे मूळ संशोधन वाचणाऱ्याची अडचण होऊ नये. उदाहरणे शक्यतो सोयाबीन, तूर, हरभरा, कपाशी आणि ज्वारी यांतून निवडली आहेत, कारण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील पालक, वाटाणा आणि अॅराबिडॉप्सिस यांच्यावर शिकलेला विद्यार्थी आपल्या शेतातील पिकापुढे अनेकदा अनोळखी ठरतो.

अशा उदाहरणांतून साध्या साधनांनी किती दूर जाता येते, हे बियाण्याच्या एका चाचणीवरून दिसते. घरचे सोयाबीन पेरण्याआधी गोणपाटावर दाणे मांडून उगवणक्षमता पाहण्याची पद्धत गावोगाव आहे, पण तिला काही दिवस लागतात. टेट्राझोलियम चाचणीत दाणे रात्रभर ओलावून त्या क्षाराच्या रंगहीन द्रावणात काही तास अंधारात ठेवतात. जिवंत ऊतींतील डिहायड्रोजिनेज विकरे त्या क्षाराचे लाल रंगद्रव्य करतात आणि मृत भाग पांढरट राहतो. मळणीयंत्राचा फटका बसून अंकुराची बाजू मेलेली असेल तर दाणा वरून कितीही टपोरा असला तरी नेमकी तीच बाजू लाल होत नाही. दुसऱ्याच दिवशी मिळणारे हे उत्तर विकरानेच दिलेले असते.

मात्र दाणा मेला हे चाचणी सांगते, तो साठवणीत का मेला ते सांगत नाही. सोयाबीनच्या पातळ सालीखालचे तेल उन्हाळ्यात कसे खराब होते आणि त्यात कोणत्या विकरांचा हात असतो, तुरीची साल डाळीला चिकटवून ठेवणारा डिंक कोणत्या विकरांनी सैल करता येईल, घाटेअळीच्या बदलत्या विकरांपुढे टिकेल अशी रोधकांची जोडी कोणती, हे प्रश्न याच मुलखातल्या कोठारांतून, अकोल्याच्या डाळ मिलींतून आणि रब्बीच्या शिवारातून उभे राहिलेले आहेत. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अमरावती विद्यापीठ आणि त्यांच्याशी निगडित महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या प्रश्नांची नमुनासामग्री हाताशी मिळते, आणि त्यांच्या बऱ्याचशा प्राथमिक कामाला साधा वर्णमापक, बर्फ आणि नीट ठेवलेली नोंदवही पुरते. त्यांपैकी एखादा प्रश्न हाती घेण्याइतकी तयारी वाचकाची व्हावी, एवढ्याच अपेक्षेने हा ग्रंथ त्याच्यापुढे ठेवला आहे.